उसने, उधार आणि कर्ज

वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची, सपाट द्यायची नाही, असा माझ्या आईचा दंडक होता. गंगावेशीतल्या आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सातही घरांत वाट्यांची ये-जा चालायची. कोणी कोणाकडून काय नेले हे कुणी लिहून ठेवत नसे, पण कुणी विसरतही नसे. उसने म्हणजे घेतले तेवढे परत करायचे. त्यावर व्याज नाही. मुदत मात्र आहे. पहिली तारीख उलटून गेली आणि वाटी परत गेली नाही, तर आई अस्वस्थ होई.

उधारीचा मामला वेगळा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची वही असे. सामान बांधून झाले की दुकानदार आपल्यासमोर आकडा मांडायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. थकबाकी वाढली तरी तो तोंडाने पैसे मागत नसे. "वडिलांना म्हणावं, एकदा येऊन वही बघून जावा," एवढाच निरोप असायचा. त्या रात्री वडील जेवताना बोलत नसत आणि पुढल्या महिन्यात घरात गोडेतेल जपून वापरले जाई. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाच्या आत मागचे खाते पुसायचे, हा दोन्ही बाजूंनी पाळलेला शिरस्ता होता.

कर्ज ही तिसरी गोष्ट. ते गावच्या सोसायटीचे असो की सावकाराचे, त्याला कागद लागतो, जामीन लागतो, तारण लागते आणि त्याला व्याज असते. शिवाय आपल्या भागात 'उचल' आहेच. गुळाच्या पेठेत शेतकरी अडत्याकडून उचल घ्यायचा. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून आजही घेते. ज्याने उचल घेतली तो त्या हंगामापुरता बांधला गेला, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते.

चौतीस वर्षे बँकेत काढली आणि त्या काळात कादंबऱ्याही लिहिल्या. दोन्ही धंद्यांत शब्दांशीच गाठ होती. म्हणून माझ्यासमोर प्रश्न असा उभा राहतो, की आज ज्याच्या त्याच्या पाकिटात असलेले क्रेडिट कार्ड हे या तिघांपैकी नेमके काय आहे? उसने, उधार की कर्ज?

उत्तर चमत्कारिक आहे. कार्ड हे काही दिवसांपुरते उसने असते आणि एका ठराविक तारखेनंतर ते कर्ज होते. खरेदी कोणत्या तारखेला केली त्यावर ही उसनवारी साधारण वीस ते पन्नास दिवसांची. आपण सोयीसाठी पंचेचाळीस म्हणू. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत बिलाची पूर्ण रक्कम भरली, तर एक पैसा व्याज नाही. ती भरली नाही, तर सेहेचाळिसाव्या दिवशी ते कर्ज होते, आणि तेही मागच्या तारखेपासून. व्याज मुदत संपल्याच्या दिवसापासून लागत नाही, तर ज्या दिवशी वस्तू घेतली त्या दिवसापासून लागते. शिवाय मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला उसनवारीची सवलतच मिळत नाही. आज सकाळी घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासूनच व्याज चालू. आणि कार्डावर रोकड काढली, तर पूर्ण बिल भरणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याचे शुल्क.

व्याज किती? महिन्याला साडेतीन टक्के हा नेहमीचा दर आहे. साडेतीन हा आकडा कानाला लहान वाटतो. वर्षाचे बेचाळीस टक्के होतात. चक्रवाढीने धरले तर एक्कावन्नच्या वर जातात. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी.

आता बिलावरच्या एका शब्दप्रयोगाकडे वळतो. 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे किमान देय रक्कम. सबंध बँकिंगच्या व्यवहारात इतका सभ्य आणि इतका घातक शब्द मी दुसरा पाहिलेला नाही. 'देय' म्हटले की माणसाला वाटते, एवढे दिले की देणे संपले. प्रत्यक्षात ती रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो आणि खाते थकबाकीत जात नाही. व्याज थांबत नाही.

हिशेब मांडून दाखवतो, कारण हा विषय हिशेबाशिवाय पटत नाही. पन्नास हजारांची बाकी आहे. व्याज महिना साडेतीन टक्के, त्यावर कर. कार्ड कपाटात ठेवले, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, आणि दरमहा बिलाच्या पाच टक्के एवढी किमान रक्कम न चुकता भरली. वर्षभरात सुमारे २९,५०० रुपये भरले जातील आणि कर्ज उतरेल सुमारे ६,१०० रुपयांनी. पन्नास हजारांचे पंचवीस हजार व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. तोच माणूस दरमहा ठरवून पाच हजार भरील, तर चौदाव्या हप्त्यात मोकळा होईल. पहिल्या महिन्याला भरायच्या रकमेत फरक आहे सुमारे चोवीसशे रुपयांचा.

हे सगळे मला नोकरीत असताना माहीत नव्हते काय? होते. तरीही एक गोष्ट माझ्या हातून घडली, आणि या लेखाचे खरे कारण ती आहे.

मी शाखाधिकारी होतो तेव्हाचा तो मार्च महिना. वरून कार्डांचे टार्गेट आले होते आणि आमची शाखा मागे होती. साखर कारखान्यातला एक कारकून दर महिन्याला पगार काढायला यायचा. नेमस्त माणूस. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणणारा. त्याच्यासमोर मी अर्ज सरकवला. तो म्हणाला, "साहेब, मला कशाला हे?" मी म्हणालो, "असू दे. अडीनडीला उपयोगी पडेल." माझ्या शब्दावर त्याने सही केली. त्या मार्चअखेरीला आमच्या शाखेचे कौतुक झाले.

निवृत्तीनंतर एका रविवारी तो माझ्या घरी आला. हातात तशीच प्लॅस्टिकची पिशवी, पण आत बिले. मी दिलेल्या कार्डाच्या जोडीला आणखी दोन कार्डे झाली होती. वेळेवर किमान रक्कम भरणाऱ्याला दुसरी बँक आनंदाने कार्ड देते. त्याने चैन केली नव्हती. कारखान्याचा पगार चार-चार महिने अडकायचा. त्यात आईचे ऑपरेशन निघाले. घरचा बाजार कार्डावर होऊ लागला. मग एका कार्डाची किमान रक्कम भरायला दुसऱ्यावर रोकड काढायची, असे चक्र सुरू झाले. "पैसे भरलं न्हाईत असा एक महिना न्हाई, साहेब," तो म्हणाला. "तरी आकडा खाली यायचं नाव घेत न्हाई."

आम्ही जुन्या सवयीने रोजकीर्दीचा कागद घेऊन बसलो. तीस महिन्यांत त्याने एक लाख नव्वद हजार भरले होते. बाकी होती एक लाख चौऱ्याऐंशी हजार. व्याज, दंड, शुल्क आणि कर मिळून दीड लाखाच्या घरात गेले होते. मी विचारले, "घरात सांगितलंय?" त्याने मान हलवली. नाही.

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला. त्या माउलीने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "म्हंजे दोन वर्षांमागं आम्ही जे ज्वारी-तांदूळ खाल्लं, त्येचं पैसं अजून फिटलंच न्हाईत?" चौतीस वर्षांच्या नोकरीत चक्रवाढ व्याजाची इतकी नेमकी व्याख्या मी कुणाकडून ऐकली नव्हती. मला उत्तर देता आले नाही.

अशा वेळी आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण तोंडावर फेकली जाते. मला ती अपुरी वाटते. हौसेपायी बुडणारे आहेत, नाही असे नाही. दर वर्षी नवा मोबाइल घेणारे आहेत आणि 'नो कॉस्ट ईएमआय'ला भुलणारेही आहेत. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठे तरी लपवलेले असते, हे ओळखून रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्क्यांच्या योजनांना मनाई केली. नाव बदलून त्या पुन्हा आल्या. पण या कारकुनाचे अंथरूणच दुसऱ्या कुणी तरी दर महिन्याला ओढून घेत होते. ज्याचा पगार, उसाचे बिल किंवा मजुरी वेळेवर येत नाही, त्याला काटकसरीचा उपदेश करून भागत नाही. त्याला सांगायला हवे ते असे, की बाबा, तुझ्यासाठी ही वस्तूच नव्हे. कार्ड हे ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्यासाठी आहे. अडीनडीसाठी ते नाही, आणि मी नेमके उलटे सांगितले होते.

कर्जाचा हा इतिहास आपल्या मातीला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. त्या मिळाल्या तिथे जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्याची न्यायालये तो मानीत. आणि मुळात सावकारीच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याचे कर्जखतांचे कागद इंद्रायणीत सोडले, ही कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो.

बँकांच्या बाबतीत मात्र कायदा दुसऱ्या दिशेने गेला. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम आले आणि बँकेचे व्याज जास्त आहे या कारणावरून न्यायालयाला खाते उघडून पाहता येणार नाही, असे ठरले. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, आयोगाच्या नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याची बाजू ती असेल. पण अर्थ एवढाच उरतो, की सुप्याच्या सावकाराला जो लगाम होता तो प्लॅस्टिकच्या कार्डाला नाही. आणि आज जाळायला वहीही नाही.

कोल्हापूरकरांनी तर हा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत पाहिला आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेल्या शाहूपुरीत आजही एका बँकेचे नोंदणीकृत कार्यालय आहे. १९४३ साली कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांनिशी उभी राहिलेली ती आपली रत्नाकर बँक. दुकानदार, अडते, लहान कारखानदार हे तिचे गिऱ्हाईक. २०१३ मध्ये तिने एका परदेशी बँकेचा भारतातला कार्डांचा व्यवसाय घेतला, २०१४ मध्ये ती आरबीएल झाली आणि पुढे देशातल्या मोठ्या कार्ड-बँकांत गणली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. गुळाच्या पेठेतली बँक दुबईपर्यंत पोहोचली याचा मला गावकरी म्हणून अभिमानच वाटतो. मुद्दा त्या बँकेचा नाही, काळाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबचे पुठ्ठ्याचे कार्ड निघाले. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड आणले, तेव्हा ते मोजक्या धनिकांच्या खिशात होते. २०२४ च्या आरंभी देशातल्या कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. ज्या बँकेत अधिकारी गिऱ्हाइकाचे घर, शेत आणि बाप ओळखून कर्ज देत असे, त्या बँकेत आज तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा एक सिबिलचा आकडा पाहून कर्ज दिले जाते. त्या आकड्याला एवढेच कळते, की हा माणूस वेळेवर भरतो. कुठून आणून भरतो, हे कळत नाही.

किराणा दुकानदाराची वही आणि कार्ड यांत हाच फरक आहे. दुकानदार आकडा वाढला की हात आखडता घेई. कार्डवाला आकडा वाढला की लिमिट वाढवू का म्हणून विचारतो. आणि 'लिमिट' या शब्दाचाही गिऱ्हाईक अर्थ करतो तो 'माझ्याकडे दोन लाख आहेत' असा. ते दुसऱ्याचे दोन लाख आहेत.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण माझ्या स्वतःच्या पाकिटात कार्ड आहे. मी पूर्ण बिल भरतो, पंचेचाळीस दिवस फुकट वापरतो, वर पॉइंट मिळवतो. मागच्या वर्षी त्या पॉइंटांवर मी एक मिक्सर घेतला. त्याचे पैसे काही दुकानदारांकडून घेतलेल्या शुल्कातून आले असतील. पण काही त्या कारकुनाच्या व्याजातून आलेले असणार, या विचाराने मिक्सरचा आवाज मला जरा जास्तच लागतो. शहाण्यांची फुकट उसनवारी अडलेल्यांच्या कर्जावर चालते. म्हणून 'ज्याने त्याने शहाणपणाने वापरावे' एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत बरेच चांगले नियम केले. न मागता कार्ड गळ्यात मारायचे नाही, संमतीशिवाय लिमिट वाढवायचे नाही. देणे फेडून कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचे. नाही केले तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज कसे लांबते याचा इशाराही बिलावर छापावा लागतो. त्या पिशवीतल्या तिन्ही बिलांवर तो इशारा होता. बारीक टायपात, इंग्रजीत. माझी मागणी साधी आहे. तो इशारा मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि आकड्यांत छापा: 'तुम्ही एवढेच भरत राहिलात, तर अमुक वर्षे लागतील आणि एकूण अमुक रुपये जातील.' खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम मुळात पूर्ण बिलाची असावी. ज्याला किमान भरायची आहे त्याने तसे लिहून द्यावे. आणि शाखांना कार्डांचे टार्गेट द्यायचे असेल, तर त्याच अधिकाऱ्याला दोन वर्षांनी त्या कार्डधारकाच्या घरी पाठवावे.

बाकी ज्याच्या गळ्यात फास बसलाच आहे त्याला चार गोष्टी सांगतो. पहिली, कार्ड वापरणे आजच थांबवा. भोक पडलेल्या हौदात पाणी ओतून तो भरत नाही. दुसरी, महागडे कर्ज स्वस्त कर्जाने फेडा. सोनेतारण, पगारदारांची पतसंस्था, मुदतठेवीवरचे कर्ज, यांतले काहीही कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तिसरी, 'सेटलमेंट' करून सुटका होते खरी, पण तुमच्या नोंदीत 'पूर्ण फेड' असे न लिहिता 'सेटल्ड' असे राहते आणि पुढचे गृहकर्ज अडते. तेव्हा तो शेवटचा उपाय. चौथी, वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही, शिवीगाळीची तर कधीच नाही. लेखी तक्रार बँकेकडे करा, महिनाभरात दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि या सगळ्यांच्या आधी घरात सांगा. सोने गहाण टाकले की गुजरीत कुणी तरी बघेल, ही आपल्याला लाज वाटते. कार्डाचे कर्ज कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची लाज वाटत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच ते वाढते. वाड्यातल्या सात घरांना एकमेकांचे उसने माहीत होते, हीच आमची मर्यादा होती.

त्या बाईंनी पाटल्या आणि बोरमाळ काढून दिली. अकरा टक्के दराने दीड लाखाचे सोनेतारण झाले, उरलेले चौतीस हजार भावाने हातउसने दिले. तिन्ही कार्डे माझ्यासमोर कात्रीने कापली आणि रीतसर बंद केल्याचे कागद आणवले. कार्डांवर महिन्याला साडेसात हजारांहून अधिक जात होते ते नुसते व्याज आणि कर. सोनेतारणाचे व्याज चौदाशेच्या आत आहे. कारखान्याने मध्यंतरी दोन पगार दिले, दोन अजून बाकी आहेत. भावाचे पैसे फिटले. बोरमाळ सुटून आली. पाटल्या अजून बँकेच्या तिजोरीत आहेत.

परवा महाद्वार रोडवर दोघे भेटले. वहिनींचे हात पाहू नयेत असे ठरवूनही माझी नजर तिकडे गेलीच. त्यांच्या ते लक्षात आले असावे. "सुटतील की साहेब पाडव्यापर्यंत," त्या म्हणाल्या. समजूत त्या माझी घालत होत्या.